रेझिनचा पहिला ब्लँक: साच्यापासून लेथपर्यंत

लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, पेनाचा ब्लँक फुटला की आपण आधी टूलवर संशय घेतो. धार गेली असेल, वेग जास्त झाला असेल, कोन चुकला असेल. कधीकधी ते खरंही असतं. पण मी वर्षभर एका डब्यात साठवलेले फुटक्या ब्लँकचे तुकडे एकदा पांढऱ्या कागदावर मांडले आणि भिंग घेऊन बसले. जवळजवळ प्रत्येक तुकड्यात दोष आधीपासूनच होता. कुठे बुडबुड्यांची माळ, कुठे रेझिन घट्ट करणाऱ्या, पण नीट न मिसळलेल्या हार्डनरचा मऊ पट्टा, कुठे रंगाच्या पावडरीची कोरडी गाठ. लेथवर ते फक्त उघडं पडलं होतं. तेव्हापासून माझं सगळं लक्ष लेथवरून साच्याकडे गेलं. ज्यांना पेनाच्या सुट्या भागांच्या तयार किटवर एकदोन पेनं करून झाली आहेत आणि आता ब्लँक स्वतः ओतायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ब्लँक म्हणजे पेनाचं अंग ज्यातून कातायचं ती कांडी. किटच्या पेनांसाठी ती साधारण पाऊण इंच जाडीची चौकोनी, म्हणजे १९ मिलिमीटर, आणि पाच इंच लांब असते. किट न वापरता, आटे स्वतः पाडून फाउंटन पेन करायचं असेल तर २० मिलिमीटरच्या आसपासचा गोल रॉड सोयीचा पडतो.

आपल्याकडे हाताने केलेलं पेन म्हटलं की जुन्या लोकांना एबोनाइटच आठवतं, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या, पेन बनवणाऱ्या रत्नम यांनी पाठवलेल्या स्वदेशी पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून आभाराचं पत्र लिहिलं होतं. ती परंपरा एबोनाइटची, आणि त्या मालाची ऊब मला आजही आवडते. पण एबोनाइट घरी करता येत नाही. रेझिन, म्हणजे पातळ ओतून घट्ट होणारं प्लास्टिक, घरी ओतता येतं, आणि रंग आपल्या मनातला घालता येतो. या कामाची ओढ लागते ती तिथेच.

कोणतं रेझिन घ्यावं

बाजारात तीन प्रकार भेटतील. पॉलिस्टर रेझिन फायबरग्लासचा माल विकणाऱ्या दुकानात सहज आणि स्वस्त मिळतं. काचेसारखी चमक येते, पण ते ठिसूळ असतं, त्यातल्या स्टायरीन या रसायनाचा वास घरभर पसरतो आणि लेथवर टवके उडतात. पॉलियुरेथेन काही मिनिटांत घट्ट होतं, कातायला छान असतं, लांब रिबिनी निघतात. मात्र ओलाव्याशी त्याचं अजिबात जमत नाही. हवेतला दमटपणासुद्धा त्याला फेस आणतो आणि प्रेशर पॉटशिवाय, म्हणजे हवेच्या दाबाखाली रेझिन घट्ट करायच्या बंद भांड्याशिवाय, ते वापरण्यात अर्थ नाही. तिसरं इपॉक्सी. सुरुवात यानेच करा, असं मी ठामपणे सांगेन. वास कमी, वेळ भरपूर, आणि चूक झाली तरी ती सावकाश होते, म्हणजे पाहता येते.

इपॉक्सीतही दोन गट आहेत. टेबलावर किंवा चित्रावर पातळ थर देण्यासाठी असतं ते दाट आणि लवकर तापणारं. खोल साच्यात ओतण्यासाठी असतं ते पातळ आणि संथ. आपल्याला दुसरं हवं. बाटलीवर किंवा माहितीपत्रकावर चार गोष्टी शोधा: एका वेळी किती जाडीचा थर ओतता येतो, रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण किती, ते प्रमाण वजनाने दिलंय की मापाने, आणि मिसळल्यावर किती मिनिटं हाताशी आहेत. या चार गोष्टी जो विक्रेता सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका. घट्ट झाल्यावरचा कडकपणा शोअर डी मापात दिलेला असेल तर ८० च्या वरचा पाहा. दागिन्यांसाठीचं यूव्ही रेझिन या कामाचं नाही. रंगीत आणि जाड कांडीच्या पोटात प्रकाश पोहोचत नाही आणि आतला भाग ओलाच राहतो.

एक गोंधळ नवख्यांकडून फार होतो. पॉलिस्टरमध्ये जे एक-दोन टक्के घालतात तो कॅटलिस्ट, म्हणजे घट्ट होणं फक्त सुरू करून देणारा असतो. तो थोडा वाढवला तर काम लवकर होतं, जास्त वाढवला तर माल तापून तडकतो. इपॉक्सीचा हार्डनर तसा नाही. तो मालाचाच भाग आहे. रेझिनच्या प्रत्येक कणाला हार्डनरचा जोडीदार लागतो. हार्डनर जास्त घातला म्हणून इपॉक्सी लवकर घट्ट होत नाही. उरलेला हार्डनर जोडीदाराविना आत राहतो आणि कांडी कायमची रबरासारखी मऊ राहते. "थंडी आहे, जरा जास्त घालू" हा विचार पॉलिस्टर वापरणाऱ्याकडून ऐकलेला असतो, तो इथे आणू नका.

हात, डोळे, श्वास

हा भाग उडी मारून पुढे जाण्यासारखा नाही.

इपॉक्सी अंगावर लागलं तर लगेच काही होत नाही, आणि धोका त्यातच आहे. पुन्हापुन्हा लागत राहिलं तर एक दिवस त्वचेला त्याची ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. मग हे काम सोडावं लागतं. नायट्रिलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला आणि प्रत्येक वेळी नवे घ्या. हाताला लागलंच तर साबण आणि पाण्याने धुवा. थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नका, त्याने रेझिन पातळ होऊन कातडीत आणखी शिरतं.

पॉलिस्टर वापरणार असाल तर त्याचा कॅटलिस्ट, म्हणजे एमईकेपी, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा नव्हे, बाजूंनी बंद असलेला गॉगल लावा. आपल्याकडे पॉलिस्टर रेझिनबरोबर जांभळट रंगाचं कोबाल्ट, म्हणजे घट्ट होण्याला वेग देणारं द्रव, वेगळ्या बाटलीत देतात. कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, कॅटलिस्ट त्यानंतर. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या फळीवर ठेवा आणि दोघांना एकच चमचा वापरू नका.

खोलीत हवा खेळती हवी. पॉलिस्टरला कार्ट्रिजचा मास्क लागतो. कापडी मास्क वाफ अडवत नाही. घट्ट झालेलं रेझिन घासताना बारीक धूळ उडते, तिथे धुळीचा मास्क घाला आणि शक्यतो पाणी लावून घासा. स्वयंपाकघरातलं भांडं, चमचा किंवा ओव्हन एकदा या कामात आलं की ते परत स्वयंपाकात न्यायचं नाही. आणि उरलेलं पातळ रेझिन मोरीत ओतू नका. कपातच घट्ट होऊ द्या, मग घन कचऱ्यात टाका.

साचा

तयार सिलिकॉनचे साचे मिळतात. पण पहिला साचा मी घरी करायला सांगते, कारण त्यातून मापांचा अंदाज पक्का होतो. भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा जाड बोर्ड बहुधा एचडीपीई या प्लास्टिकचा असतो. इपॉक्सी त्याला चिकटत नाही. त्याच्या पट्ट्या कापून स्क्रूने पेटीसारख्या जोडा. आतली मोकळी जागा २० मिलिमीटर रुंद, २० खोल आणि १३० लांब ठेवा. प्रत्येक जोडाला बाहेरून हॉट ग्लूची रेघ मारा. पातळ इपॉक्सी केसाएवढ्या फटीतून रात्रभर झिरपतं आणि सकाळी साचा अर्धा रिकामा सापडतो. ओतण्याआधी साच्यात पाणी भरून दहा मिनिटं थांबा, फट असेल तर कळते. मग साचा पूर्ण वाळवा. पूर्ण म्हणजे खरोखर पूर्ण, कोपऱ्यातला थेंबही नको.

सिलिकॉनचा साचा स्वतः करणार असाल आणि पुढे प्रेशर पॉट वापरायचा विचार असेल, तर ते सिलिकॉनही प्रेशरखालीच घट्ट होऊ द्या. नाहीतर साच्याच्या भिंतीत अडकलेले बुडबुडे दाबाखाली आकसतात आणि ब्लँकच्या अंगावर फोडांसारखे उंचवटे येतात.

हार्डवेअरचं बाकी सामान शोधायला मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी पुरेशी आहे. ड्रिल बिट, आटे पाडायचा टॅप, क्लॅम्प सगळं तिथे हातात घेऊन पाहता येतं.

वजन

मापाने नाही, वजनाने काम करा. रेझिनची आणि हार्डनरची घनता वेगळी असते, त्यामुळे मापाने दोनास एक म्हणजे वजनाने दोनास एक होत नाही. कंपनीने वजनाचं प्रमाण दिलेलं असतं तेच धरा. सोनाराच्या दुकानात असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. पाच-पाच ग्रॅमनी उड्या मारणारा स्वयंपाकघरातला काटा एका ब्लँकच्या मालासाठी उपयोगाचा नाही.

हिशेब असा. आपल्या साच्याची जागा २ × २ × १३ सेंटिमीटर, म्हणजे ५२ घनसेंटिमीटर. इपॉक्सीची घनता साधारण १.१ धरली तर ५७ ग्रॅम माल लागेल. कपाला चिकटून राहणारा धरून वर दहा टक्के, म्हणजे ६३ ग्रॅम. प्रमाण वजनाने १०० ला ५० असेल तर रेझिन ४२ आणि हार्डनर २१ ग्रॅम. प्रमाण १०० ला ३० असेल तर रेझिन साडेअठ्ठेचाळीस आणि हार्डनर साडेचौदा. हे आकडे कागदावर लिहून कागद काट्याशेजारी ठेवा. हातमोजे चिकट झाल्यावर मोबाइलवर गणित करायला जमत नाही.

पहिली ओतणी

पहिला ब्लँक एकाच रंगाचा करा. दोन रंगांची लाट, चमकीचा पट्टा, लाकडाचा तुकडा, सगळं नंतर. एकरंगी कांडीत चूक कुठे झाली ते वाचता येतं.

रेझिनची बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवा, हाताला सोसेल एवढंच कोमट, ४० अंशांच्या आसपास. रेझिन पातळ होतं आणि त्यातली हवा सहज वर येते. पाण्याचा थेंब झाकणाजवळून आत जाणार नाही हे पाहा. बाटली पुसून घ्या. हिवाळ्यात नाशिककडे किंवा घाटावर रेझिन कधी बाटलीतच धूसर, साखर बसल्यासारखं होतं. ते खराब झालेलं नसतं. गरम पाण्यात ठेवून पूर्ण पारदर्शक होऊ द्या आणि मगच वापरा.

कप पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा घ्या. काटा शून्यावर आणून आधी रेझिन घाला, पुन्हा शून्य करून हार्डनर. आता ढवळणं. फेटायचं नाही. सपाट काडीने कडा आणि तळ खरवडत, सावकाश, निदान तीन-चार मिनिटं. सुरुवातीला मालात तेलासारख्या रेघा दिसतात. त्या पूर्ण गेल्या पाहिजेत. त्यानंतर सगळा माल दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि नव्या काडीने आणखी दोन मिनिटं ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला लागून राहिलेलं रेझिन हार्डनरपर्यंत पोहोचलेलं नसतं. ते खरवडून ब्लँकमध्ये गेलं की कांडीत कायमची ओली नस राहते. माझ्या डब्यातल्या तुकड्यांपैकी बरेच या एका कारणाने फुटलेले होते. म्हणून पहिला कप कधी खरवडून घेऊ नका, त्यात राहील ते राहू द्या.

रंग या टप्प्यावर घाला. अभ्रकाची चमकदार पावडर, जिला बाजारात मायका पावडर किंवा पर्ल पावडर म्हणतात, ६० ग्रॅम मालाला एक ग्रॅमपर्यंत पुरते. आधी ती चमचाभर मालात कालवून गाठी मोडा आणि मग मोठ्या कपात मिसळा, बेसन कालवतो तसं. पोस्टर कलर, ॲक्रिलिक रंग, रांगोळीचे रंग वापरू नका. पाण्यातले रंग इपॉक्सीत ओलावा सोडतात आणि रांगोळीच्या कणांनी टूलची धार जाते.

साचा सपाट जागी ठेवा. एका कोपऱ्यात, थोडं उंचावरून, बारीक धारेने ओता. धार जितकी बारीक तितके कपातले बुडबुडे वाटेतच फुटतात. माल आपोआप दुसऱ्या टोकाकडे पसरत जाऊ द्या. भरल्यावर पाच मिनिटं थांबा आणि वर आलेल्या बुडबुड्यांवरून गरम हवा फेकणारी हीट गन एकदाच, लांबून फिरवा. ती फक्त पृष्ठभागाचे बुडबुडे फोडते, आतल्यांना तिचा उपयोग नाही. पॉलिस्टर असेल तर ज्योत जवळही आणू नका, स्टायरीन पेटतं.

मग झाका. धूळ पडू नये म्हणून खोका उपडा घाला आणि निघून जा. बोट लावून पाहायचा मोह प्रत्येकाला होतो. तो मोह कपात उरलेल्या मालावर भागवा, साच्याला हात लावू नका. त्या कपावर लक्षही ठेवा. मोठ्या कपात माल एकत्र राहिला तर तो स्वतःच तापतो, कधी धूर येईपर्यंत. जास्त उरला असेल तर फरशीवर प्लास्टिक अंथरून पातळ पसरा. तापलेला कप कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

पाऊस आणि ऊन

आपल्याकडच्या हवेचा या कामावर फार परिणाम होतो. हवा दहा अंशांनी वाढली की हाताशी असलेली वेळ साधारण निम्मी होते. विदर्भात मे महिन्यात ओतायचं असेल तर पहाटे ओता. पावसाळ्यात इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर येतो. एकाच वेळी ओतलेल्या कांडीला त्याने काही होत नाही, तो भाग कातताना निघून जातो. पण एका थरावर दुसऱ्या दिवशी दुसरा थर ओतणार असाल तर हा थर दोघांच्या मध्ये राहतो आणि कांडी तिथूनच सोलून निघते. कोमट पाण्याने धुवा, वाळवा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि मगच पुढचा थर ओता. कोकणात जून ते सप्टेंबर पॉलियुरेथेनची बाटली उघडूच नये, असं माझं मत आहे.

बुडबुडे आणि प्रेशर पॉट

कितीही काळजी घेतली तरी साध्या ओतणीत काही बुडबुडे राहतात. अपारदर्शक, एकरंगी ब्लँकमध्ये ते खपून जातात, खळग्यात पातळ सुपरग्लू भरून घासता येतं. पारदर्शक ब्लँकमध्ये मात्र डोळ्याला खुपतात. तिथे प्रेशर पॉट लागतो.

त्याचं काम बुडबुडे काढण्याचं नाही, ते चिरडण्याचं आहे. ४५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब दिला की हवेच्या नेहमीच्या दाबासकट एकूण चौपट होतो, म्हणून बुडबुड्याचं आकारमान चौथ्या भागावर येतं आणि त्यातली बरीच हवा रेझिनमध्ये विरघळून जाते. दोन गोष्टी पाळल्या नाहीत तर पॉटचा काही उपयोग नाही. माल पातळ असतानाच दाब द्यायला हवा, आणि तो पूर्ण घट्ट होईपर्यंत सोडायचा नाही. मध्येच सोडला तर बुडबुडे पुन्हा फुगतात. संथ इपॉक्सीला म्हणजे रात्रभर. म्हणून पॉट आधी रिकामा भरून ठेवा आणि बारा तासांत दाब किती उतरतो ते पाहा.

पॉट रंगकामाच्या प्रेशर टँकमधून करतात. त्यावर लिहिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गेज चालू आहे याची दर वेळी खात्री करा, सगळे क्लॅम्प समोरासमोरच्या जोडीने आवळा, आणि दाब शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. घरच्या प्रेशर कुकरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरण्याची कल्पना मला दोघातिघांनी विचारली आहे. नको. कुकरची शिट्टी १५ पीएसआयच्या आसपास उचलते आणि त्याचं झाकण तेवढ्यासाठीच केलेलं असतं. त्याच्या तिप्पट दाबाला ते झाकण गोळीसारखं उडू शकतं. तसंच व्हॅक्यूम चेंबरमध्येही दाब भरायचा नाही. त्याची रचना बाहेरून दाब सोसण्यासाठी असते, आतून नव्हे.

दोन रंगांची लाट

एकरंगी चार-पाच कांड्या निर्दोष निघाल्या की इकडे या. नवख्या माणसाच्या दोन रंगांचा चिखल होतो, कारण तो माल पातळ असतानाच ओततो. पातळ मालात रंग एकमेकांत विरघळतात आणि अभ्रकाचे जड कण हळूहळू तळाशी बसतात. दोन्ही रंग वेगवेगळ्या कपांत तयार करून थांबा. काडी उचलली की धार तुटून थेंब पडतात तोवर वेळ झालेली नाही. काडीवरून सलग तार उतरायला लागली, एकतारी पाकासारखी, की ओता. त्या क्षणी रंग एकमेकांशेजारी सरकतात, मिसळत नाहीत. दोन्ही कप समोरासमोरून एकाच वेळी ओता, आणि नंतर काडीने एकदाच, फार तर दोनदा, लांबीच्या दिशेने रेघ ओढा. तिसऱ्यांदा ओढावीशी वाटेल, ओढू नका.

तार येण्याची वेळ प्रत्येक रेझिनची आणि प्रत्येक ऋतूची वेगळी असते. म्हणून माझ्या वहीत दर ओतणीची एक ओळ आहे: तारीख, खोलीचं तापमान, आर्द्रता, दोन्ही वजनं, रंग किती, ढवळायला सुरुवात केली ती वेळ, तार आली ती वेळ. पंधरावीस ओळी झाल्या की वहीच सांगायला लागते की आज किती मिनिटांनी ओतायचं.

लाकूड आणि रेझिन एकत्र करायचं असेल तर लाकूड पूर्ण कोरडं हवं. हाताला कोरडं लागलेलं चिंचेचं किंवा बाभळीचं लाकूडही आतून ओलं असतं, आणि रेझिन तापलं की ती वाफ बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. वेगळ्या ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर ठेवून वजन कमी होत जायचं थांबेपर्यंत वाळवा, आणि हवाबंद पिशवीत गार करा. पैठणीच्या काठाचा तुकडा किटमधल्या पितळी नळीवर गुंडाळून वर पारदर्शक रेझिन ओतणारेही आहेत. फार देखणं दिसतं. पण कापडाच्या विणीत हवा अडकलेली असते, म्हणून कापड आधी पातळ रेझिनमध्ये भिजवून घ्यावं लागतं आणि प्रेशर पॉटशिवाय ते साधत नाही.

घट्ट होणं आणि पिकणं

साच्यातून निघाला म्हणजे ब्लँक तयार झाला असं नाही. बहुतेक संथ इपॉक्सी एक-दोन दिवसांत साच्यातून काढता येतात, पण पूर्ण कडकपणा यायला साधारण आठवडा लागतो. मी आंब्याच्या अढीसारखं त्याला पिकणं म्हणते. कांडीवर तारीख लिहून ती सपाट फळीवर आडवी ठेवा. भिंतीला टेकवून उभी ठेवली तर वाकते. घाई असेल तर कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या ओव्हनमध्ये, दुसऱ्या दिवशी, ५० ते ६० अंशांवर काही तास ठेवता येते.

या उष्णतेचा आणखी एक फायदा आहे. साध्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी बहुधा ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत पेन राहिलं तर ते तेवढं तापतं. गरम करून पिकवलेल्या कांडीची ही मर्यादा काही अंशांनी वर सरकते.

नखाची परीक्षा सोपी आहे. कडेला नख दाबा. वळ उठला तर अजून थांबा. आठवड्यानंतरही वळ उठत असेल तर प्रमाण किंवा ढवळणं चुकलेलं आहे आणि ती कांडी थांबून सुधारणार नाही. ती बाजूला ठेवा आणि वहीत त्या ओळीसमोर लिहा.

भोक पाडणं

ब्लँकची खरी परीक्षा इथे होते. किटच्या साध्या बारीक पेनासाठी ७ मिलिमीटरचं भोक लागतं. पेनाला लागते त्यापेक्षा कांडी एक सेंटिमीटर लांब कापा. लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या जबड्यात, धरा, समोरच्या टोकाच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल बिट, वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आत. पाच-सहा मिलिमीटर आत गेलं की बिट पूर्ण बाहेर काढा, चुरा पुसा, क्षणभर गार होऊ द्या, पुन्हा आत. एका दमात आरपार गेलात तर आतलं रेझिन तापून मऊ होतं, बिटला चिकटतं, भोक मोठं होतं किंवा कांडी चिरते. बिट हाताला गरम लागला तर तुम्ही घाई करताय.

भोक शेवटपर्यंत पाडू नका. बिट दुसऱ्या टोकाने बाहेर पडताना सगळ्यात जास्त टवके उडतात. शेवटचा सेंटिमीटर शिल्लक ठेवा आणि तेवढा तुकडा करवतीने कापून टाका. भोक आपोआप उघडं होतं.

बिटवरून निघणारा माल पाहत राहा. सलग, वळणदार रिबिनी निघत असतील तर कांडी छान पिकली आहे. चिकट, एकमेकांना बिलगलेला लगदा निघत असेल तर ती कच्ची आहे, थांबा आणि आणखी काही दिवस ठेवा. कोरडं पीठ आणि टवके निघत असतील तर माल ठिसूळ आहे, लेथवर धारदार टूल आणि अगदी हलका हात लागेल.

अर्धपारदर्शक ब्लँक असेल तर भोकात बसवायची किटची पितळेची नळी आतून दिसते आणि रंग मळका वाटतो. नळीला बाहेरून ब्लँकच्याच रंगाचा, किंवा पांढरा, स्प्रे मारा. भोकाच्या आतूनही तोच रंग लावला तर नळी चिकटवताना पडणारे ओरखडे दिसत नाहीत. मग नळी इपॉक्सीच्या गोंदाने फिरवत फिरवत आत सरकवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लेथ बंद ठेवा.

कापून टाकलेला तो शेवटचा सेंटिमीटर मात्र टेबलावरून झाडून टाकू नका. एक बाजू २००० नंबरच्या वॉटर पेपरवर पाणी लावून घासा, मेण चोळा आणि वहीत त्या तारखेच्या ओळीशेजारी चिकटवा. माझ्या वहीची पानं आता जाड झाली आहेत आणि ती नीट मिटत नाही. कोणता निळा किती ग्रॅमचा होता, ते तिच्यात बोट लावून सांगता येतं.